दोन अधिक महिने

कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांनी आपले सण शेजारच्या हिंदूंकडे बघून बसवले असावेत, असं माझं मत होतं आणि मी ते चारचौघांत ठासून सांगत असे. पुरावाही हाताशी होता. अलिबागकडच्या त्यांच्या जुन्या घरांत पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत, वर्षारंभाला ‘नव्याचा सण’, योम किप्पूरच्या कडक उपासाला ‘दारफाळणीचा सण’. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आले. शिवाय तारखाही जुळत. २०२५ चंच घ्या. १३ मार्चला होळी पेटली, त्याच संध्याकाळी पुरीम लागला. नव्याचा सण घटस्थापनेच्या संध्याकाळी सुरू झाला आणि योम किप्पूर थेट दसऱ्याला, २ ऑक्टोबरला.

या मताला आमच्या शहराचाही हातभार होता. संभाजीनगरात वाढलेल्या माणसाला चंद्राचे दोनच हिशेब ठाऊक असतात. एक आपला, अधिक महिना धरून सण ऋतूत राखणारा. दुसरा हिजरी, ३५४ दिवसांचा, अधिक महिना न धरणारा. म्हणून २००५ साली ईद दिवाळीपाठोपाठ आली, तर २०२५ मध्ये पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, ३१ मार्चला. यहुद्यांचं पंचांगही मुळात असंच फिरतं असणार आणि कोकणात आल्यावर ते होळीला बांधलं गेलं असणार, असं मी धरून चाललो होतो.

माझे एक जुने सहकारी बेने इस्राएल, निवृत्तीनंतर ठाण्याला स्थायिक झालेले. २०२३ च्या नवरात्रात फोनवर बोलताना ते सहज म्हणाले, “आमचा नव्याचा तर गणपतीच्या आधीच झाला.” मी कालनिर्णय काढलं. त्या वर्षी अधिक श्रावण होता, त्यामुळे घटस्थापना १५ ऑक्टोबरला गेली होती. त्यांचं नवं वर्ष १६ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या तीन दिवस आधी. महिनाभराचं अंतर! सण आपल्याकडून घेतले असते, तर अधिक श्रावणही घेतला असता. त्यांनी आपला अधिक महिना धरला तो पुढच्या फेब्रुवारीत, अदार दोनदा मोजून. मग २४ मार्च २०२४ ला सूर्यास्ताबरोबर पुरीम संपला आणि त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीत होळी पेटली.

म्हणजे कुणी कुणाच्या वहीत डोकावलेलं नव्हतं. चंद्राचे २३५ महिने म्हणजे जवळजवळ बरोबर १९ सौर वर्षं. तेव्हा १९ वर्षांत सात महिने वाढवणं भाग आहे, हिशेब पैठणला करा की जेरुसलेमला. आपण ज्या महिन्यात संक्रांत पडत नाही तो अधिक धरतो. त्यांचा अदार ठरलेला, कारण त्याच्या पुढच्या निसानात पेसाह येतो आणि तो वसंतातच यायला हवा. दोघांच्या अधिक महिन्यांच्या मधल्या काळात पंचांगं महिन्याने दुरावतात, मग परत जुळतात.

त्यातला एक नियम मला फार आवडला. नवं वर्ष ते रविवार, बुधवार, शुक्रवारी लागू देत नाहीत. बुधवार किंवा शुक्रवार आला, तर दहाव्या दिवशी येणारा योम किप्पूर शनिवारला चिकटेल आणि घरात सलग दोन दिवस चूल पेटणार नाही. (रविवारचं कारण निराळं.) म्हणून वर्षच एक दिवस पुढे ढकलतात. आपलं पंचांग तिथीचा क्षय सांगेल, वृद्धी सांगेल. पण वार बघून दसरा हलवणार नाही.

जुनं मत मात्र मी सगळंच टाकलेलं नाही. हाइम केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, त्यात हे सण मराठी नावांनीच येतात. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवससुद्धा तिथे ‘बिरड्याचा सण’ असतो, वालाच्या बिरड्यावरून. ही नावं आणि हे जेवण कोकणचंच. तारखांवरचा आपला हक्क तेवढा मी सोडून दिला.

२०२६ ला आपला अधिक ज्येष्ठ, त्यामुळे नव्याचा सण १२ सप्टेंबरला, गणपतीच्या दोन दिवस आधी. त्यांचा जादा अदार २०२७ च्या फेब्रुवारीत, की मार्चमध्ये होळी-पुरीम पुन्हा शेजारी. हेही मी चारचौघांत ठासून सांगतो आणि ऐकणारे पूर्वीइतकेच कंटाळतात.