टाकलेले आणि निवडलेले

शाळेच्या स्मरणिकेत गुणवंतांची यादी असते, संस्थेच्या वाटचालीचा आढावा असतो, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी असतात. ते सारे या अंकातही आहेच. आम्हांस मात्र फाटकापासून मुलींच्या वसतिगृहापर्यंत जाणाऱ्या १६० मीटर रस्त्याविषयी लिहावयाचे आहे. दुसऱ्या एका रस्त्यावरून खरवडून काढलेल्या जुन्या डांबराचा हा रस्ता आहे. तो बांधण्यापूर्वी आपल्यात जो वाद झाला, त्याची नोंद शाळेच्या इतिहासात राहिली पाहिजे, असे इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांस वाटते.

शेगाव तालुक्यातील काळी माती कपाशीला मानवते, रस्त्याला नाही. पाणी मिळाले की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसता मुरूम पसरला तर दोन पावसांत तो खाली गडप होतो. आपल्या आवारात दर उन्हाळ्यात मुरूम पडत असे आणि दर श्रावणात मुली चपला हातात घेऊन चालत असत. अशा एका जुलै महिन्याच्या रात्री आठवीतील एका मुलीला कडाक्याचा ताप भरला. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका वेळेवर आली, परंतु फाटकाच्या आत येऊ शकली नाही. चौघांनी मुलीला बाजेवर घेतले आणि गुडघाभर चिखलातून फाटकापर्यंत नेले. मुलगी बरी झाली. मात्र त्या १६० मीटरला जो वेळ लागला, तो तिच्या आईला आम्ही सांगू शकलो नाही.

जून २०२२ मध्ये आपल्या शेजारीच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची नोंद जागतिक विक्रम म्हणून झाली. आपल्या विदर्भातील मजुरांच्या आणि अभियंत्यांच्या कर्तबगारीचा आम्हांस अभिमान वाटला. त्याच आठवड्यात पहिला पाऊस झाला आणि आपल्या वसतिगृहाकडे दुधाची गाडी येणे बंद झाले.

पुढे परिसरातील एका रस्त्याच्या दुरुस्तीत जुना डांबरी थर यंत्राने खरवडला गेला. तो चुरा विकत मिळू शकतो, असे एका पालकांनी सांगितले. हे पालक तीस वर्षे रस्त्यांच्या कामावर रोलर चालवीत आले आहेत. नव्या गरम डांबरापेक्षा हा खर्च आपल्या वर्गणीत बसणारा होता. आम्ही शिक्षकांनी तसा प्रस्ताव पालकसभेपुढे मांडला.

सभेत एक माजी विद्यार्थिनी उठल्या. त्यांची मुलगी आज आपल्याच वसतिगृहात शिकते. त्यांनी विचारले, "दुसऱ्यांच्या रस्त्यावरून काढून टाकलेलं आमच्याच मुलींच्या पायाखाली का? उतरलेले कपडे, शिळी भाकर, फुटकी भांडी, हे आमच्या आजीपर्यंत चाललं. आता रस्तासुद्धा जुनाच का?"

सभा स्तब्ध झाली. या प्रश्नाला खर्चाचा तक्ता हे उत्तर नव्हते. मनुस्मृतीने चांडाळांसाठी मृतांची वस्त्रे आणि फुटकी भांडी नेमून दिली होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे-शिळे आणि मृत मांस सोडण्याचे आवाहन केले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. टाकलेल्या वस्तूंवर जगणे हे दारिद्र्याचे नव्हे, तर लादलेल्या दर्जाचे लक्षण होते, हे ज्यांनी ओळखले त्यांचे आपण वारस आहोत. रस्त्याचा इतिहासही वेगळा नाही. केरळात अय्यनकाळी यांनी १८९३ मध्ये मनाई असलेल्या सार्वजनिक रस्त्यावरून बैलगाडी नेली, ती मोठ्या धाडसाची गोष्ट ठरली. १९२४ मध्ये वैकोमचा सत्याग्रह झाला तो मंदिरात जाण्यासाठी नव्हे, मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या जोडीला रस्त्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे, तो या अनुभवातूनच. तेव्हा त्या भगिनींचा प्रश्न भावनेचा म्हणून बाजूला सारण्यासारखा नव्हता.

आम्ही त्या सभेत विनयपिटकातील चुल्लवग्गाचा एक प्रसंग सांगितला. कोसंबीत राजा उदेनाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे करणार काय, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना देऊ, असे आनंद म्हणाले. मग त्या जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे होतील. जुन्या पांघरुणांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची आंथरुणे, आंथरुणांची पायपुसणी, पायपुसण्यांची झटकणी आणि झटकणीही फाटली की ती चिखलात कालवून जमीन सारवली जाईल. राजाचे समाधान झाले. भिक्खूंचे पांसुकूल चीवरही फेकलेल्या चिंध्यांचेच असे.

मग मनुस्मृतीतील चांडाळाचे वस्त्र आणि भिक्खूचे चीवर यांत भेद कोणता? कापड तर दोन्हीकडे टाकलेलेच. भेद हा की एकाला नाकारण्याची मुभा नव्हती आणि दुसऱ्याने ते स्वतः निवडले, धुतले, शिवले आणि त्याला मान मिळवून दिला. जे नाकारता येते, तपासता येते आणि मोल देऊन घेता येते, ते उष्टे नव्हे, असे आम्ही म्हणालो.

त्या भगिनींचे पूर्ण समाधान झाले नाही. त्यांनी तीन अटी घातल्या. माल फुकट किंवा उपकार म्हणून घ्यायचा नाही, रीतसर पावतीने घ्यायचा. टाकण्यापूर्वी तो जाणकाराकडून तपासून घ्यायचा. आणि एका पावसाळ्यात रस्ता उखडला, तर "गरिबांच्या शाळेला एवढं पुरे" असे कोणी म्हणायचे नाही, तो पुन्हा करायचा. अटी मंजूर झाल्या, इतिवृत्तात लिहिल्या गेल्या आणि पहिली वर्गणी त्यांनीच दिली. आमच्या मते या रस्त्याचा खरा पाया त्या सभेत घातला गेला.

मातीतला पाया एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर घातला. ३० सेंटिमीटर काळी माती काढून टाकली. तिच्या जागी मुरूम १५-१५ सेंटिमीटरच्या दोन थरांत भरला, प्रत्येक थरावर पाणी मारले आणि रोलर फिरवला. नव्वद ब्रासच्या आसपास मुरूम लागला. वर खडी आणि चुरीचा थर दाबला. रोलरचालक पालकांनी आम्हांस प्रारंभीच बजावले होते, "सर, रस्ता गाडीनं नाई मरत, पान्यानं मरते." म्हणून मध्यभाग उंच ठेवून दोन्ही कडांकडे उतार दिला. चार मीटर रुंदीत मध्य ते कड पाच सेंटिमीटर उतार त्यांनी दोरी लावून काढला आणि दोरी काढल्यावर तो नजरेने तपासला. एम. ए. झालेले आम्ही तिथे हाताखालचे गडी होतो.

मे महिन्यात सात टिपर जुने डांबर आले. मोठे ढेकूळ आणि माती चाळून वेगळी केली. हा चुरा म्हणजे डांबराचा पातळ लेप असलेली खडीच असते. ते डांबर वर्षानुवर्षे ऊन आणि हवा खाऊन कडक झालेले असते, म्हणून नव्या गरम मिश्रणाइतकी घट्ट पकड त्याला येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु ऊन आणि दाब मिळाला की ते काही अंशी मऊ होऊन पुन्हा एकमेकांना धरते. विदर्भाच्या मे महिन्यात उन्हाची उणीव कशी असेल? चुरा दोन थरांत पसरला, रोलरच्या चाकाला माल चिकटू नये म्हणून चाक ओले ठेवले आणि दुपारच्या उन्हात तो दाबला. दबून साडेसात सेंटिमीटर जाडी राहिली. "आता उन्हाले काम करू द्या," असे सांगून ते पालक घरी गेले आणि आठवडाभर रोज दुपारी येऊन रोलर फिरवीत राहिले. कडा ढासळू नयेत म्हणून मुलांच्या वडिलांनी आणि मामांनी श्रमदानाने दोन्ही बाजूंना दगड बसवले.

या कामात एक गोष्ट घडली नाही, ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आईने रस्त्याच्या कामावर खडी फोडली. आम्ही तेव्हा बाभळीला बांधलेल्या झोळीत होतो. पुढेही अनेक उन्हाळे ती अशाच कामांवर जात राहिली. डांबराच्या कामावर बायामाणसे पायांना गोणपाट गुंडाळून उकळत्या पिंपांजवळ धुरात उभी राहत, ते आम्ही कळत्या वयात पाहिले आहे. नवे डांबरी मिश्रण दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास गरम असते. आपला रस्ता थंड मालाचा झाला. भट्टी पेटली नाही, धूर झाला नाही, कोणाचेही पाय भाजले नाहीत. आमच्या आईच्या पिढीने बांधलेल्या रस्त्यांवर तिच्या पायांचे मोल कोणी लिहिले नाही. या रस्त्याच्या हिशेबात मात्र प्रत्येक मजुराची मजुरी आणि प्रत्येक श्रमदात्याचे नाव आहे. ते पत्रक वाचनालयात कोणालाही पाहता येते.

वर लेप देण्याची घाई केली नाही. पावसाळा हाच खरा परीक्षक, असे ठरले होते. जुलैत दोन ठिकाणी पाणी साचले, तिथे चुरा भरून पुन्हा दाबला. शेजारच्या शेतकरी बांधवांची एक रास्त हरकत होती की रस्ता उंच झाल्याने पाणी त्यांच्या सोयाबीनमध्ये शिरेल. त्यांच्यासोबत बांधावर उभे राहून नाली ओढ्याकडे वळवली. आपल्या वाटेचे पाणी दुसऱ्याच्या पिकात सोडून आपली वाट कोरडी ठेवणे, हे या शाळेला शोभले नसते.

दिवाळीच्या सुट्टीत लेप दिला. त्यासाठी पाण्यात मिसळलेले डांबर, ज्याला इमल्शन म्हणतात, त्याची तीन पिंपे आणली. सावकाश घट्ट होणारा, म्हणजेच पाणी घालून पातळ करता येणारा प्रकार घेतला. रस्ता झाडून, धूळ उडवून, पूर्ण कोरडा करून घेतला. दोन पातळ हात दिले. जाड हात दिला तर तो वरच तरंगतो आणि निसरडा होतो. टाकताना इमल्शन तपकिरी दिसते, पाणी उडाले की काळे होते. तो रंगबदल पाहण्यासाठी सुट्टीत थांबलेली मुले रांगेत उभी होती. विज्ञानाच्या सरांनी तिथेच तास घेतला. वर बारीक चुरी भुरभुरली आणि दोन दिवस फाटक वाहनांना बंद ठेवले.

त्यानंतर पावसाळा आला आणि गेला. दुधाची गाडी एकही दिवस अडली नाही. एका रात्री पुन्हा रुग्णवाहिका बोलवावी लागली. या वेळी ती वसतिगृहाच्या पायरीशी येऊन थांबली. अटी घालणाऱ्या त्या भगिनी दर सभेला येताना रस्त्याच्या कडा पायाने दाबून पाहतात. त्यांनी अजून प्रशस्तिपत्र दिलेले नाही आणि ते त्यांनी लवकर देऊही नये.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना विनंती एवढीच. आवारात गाडी उभी असताना जागेवरच चाक फिरवू नका, त्याने थर फाटतो. भरलेला ट्रक आत आणू नका. मृगापूर्वी नाली साफ करण्यासाठी एक रविवार द्या. तीन-चार वर्षांनी पुन्हा लेप द्यावा लागेल, त्याची वही आतापासून उघडली आहे. पहिल्या पानावर सभेच्या त्या तीन अटी लिहिल्या आहेत. पुढची पाने आपल्या सह्यांसाठी कोरी आहेत.

जय भीम. नमो बुद्धाय.