तरवार आणि तपास

अन्यायाचा प्रतिकार करावा की नाही, हा प्रश्न आपल्या समाजास नवा नाही. निरपराध्यांचा घात करणाऱ्यास शासन झालेच पाहिजे, याविषयी माझ्या मनात यत्किंचितही संदेह नाही. प्रश्न आहे तो एवढाच, की गर्दीत लपून वार करणाऱ्या दहशतवाद्यांस उघड लष्करी बळाने उत्तर देणे कितपत शहाणपणाचे होय?

आमचे भुकूम हे पुण्याहून पौडास जाणाऱ्या रस्त्यावरील गाव. डोंगरापलीकडे खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी असल्यामुळे सैन्याविषयीचा आदर इकडे लहानथोरांच्या अंगी मुरलेला आहे. त्यातून माझा भाचाच सैन्यात. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगाम येथे 26 माणसे मारली गेली. त्यांत पुण्याचीही होती. 7 मे रोजी आपल्या सैन्याने सीमेपलीकडील नऊ ठिकाणांवर मारा केला आणि 10 मे रोजी शस्त्रसंधी झाली. भाचा तेव्हा जम्मूकडे होता. ते चार दिवस अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, फोन हातावेगळा केला नाही. शेजारच्यांनी आनंदाने पेढे आणून दिले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "देवापुढे ठेव. पण ज्यांनी गोळ्या घातल्या, ते सापडले का रे?"

ते सापडले नव्हते. सीमेवरील तोफमाऱ्यात मात्र पूंछकडील कित्येक गोरगरीब प्राणास मुकले होते. पुढे 28 जुलै रोजी श्रीनगरजवळ दाचीगामच्या रानात तिघे मारले गेले. त्यांच्याजवळच्या बंदुका आणि पहलगामास मिळालेली काडतुसे यांचा मेळ बसला, असे गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितले. तेथेही गोळी सैनिकांनीच झाडली. परंतु तिला वाट दाखविली ती तीन महिन्यांच्या चिकाटीच्या तपासाने.

मुंबईचे उदाहरण याहून बोलके आहे. 26 नोव्हेंबर 2008 रोजी दहा हल्लेखोरांनी सुरू केलेल्या हत्याकांडात 166 जणांचा बळी गेला. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली आणि स्वतःचे प्राण वेचून त्यास जिवंत पकडून दिले. त्या एका जिवंत आरोपीमुळे कटाचे धागे जगापुढे आले. खटला रीतसर चालला. कसाबला 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यास फाशी झाली; परंतु त्याच खटल्यातील दोघे भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. दोषी कोण आणि निर्दोष कोण, हा विवेक न्यायासनापाशी असतो. तोफगोळ्यापाशी तो नसतो.

यावर कोणी म्हणेल, की अशा संयमाने शत्रू शेफारतो. हा आक्षेप पोकळ नाही. मुंबईच्या कटातील हेडलीस अमेरिकेत 2013 साली 35 वर्षांची शिक्षा झाली आणि राणा 2025 साली भारताच्या स्वाधीन झाला, हे खरे. तथापि पाकिस्तानात या प्रकरणी चाललेला खटला तडीस गेला नाही. जे राज्य मारेकऱ्यांस आसरा देते, त्यास त्याची किंमत मोजावयास लावणे हे सैन्याचे काम होय, आणि प्रसंगी ते केलेच पाहिजे. परंतु त्याने मारेकरी हाती लागतो, असे मात्र नव्हे. अमेरिकेने 2001 साली अफगाणिस्तानात सैन्य घातले, वीस वर्षे युद्ध केले, आणि ऑगस्ट 2021 मध्ये तेच तालिबान पुन्हा काबूलच्या गादीवर बसले!

दहशतवाद्यास आपला संताप हवा असतो; संतापात आपण दोषी आणि शेजारी यांतील भेद विसरावा, हाच त्याचा डाव. म्हणून सैन्याचा अभिमान बाळगणाऱ्या घरांनीच अधिक सावध राहिले पाहिजे. लढण्याची आज्ञा होईल तेव्हा आपली मुले जातीलच. त्यांस धाडण्यापूर्वी घाव नेमका कोणावर घालावयाचा आणि त्याने काय साधणार, हे राज्यकर्त्यांस विचारणे म्हणजे भ्याडपणा नव्हे. त्या मुलांप्रती ते आपले कर्तव्यच होय.