मंग बसून काय करू?

अमरावतीच्या माझ्या एका प्राध्यापक मित्रानं सात प्रश्नांचा कागद हातात दिला. म्हणाला, "मराठी करून दे. पण पुण्याची नको, आपली कर." चाचणी कामाच्या व्यसनाची होती. नॉर्वेतल्या बर्गनच्या संशोधक सेसिली अँड्रियासेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 2012 साली प्रसिद्ध केली. गेल्या वर्षभरात अमुक किती वेळा झालं, हे 'कधीच नाही' ते 'नेहमी' अशा पाच उत्तरांतून सांगायचं. सातांपैकी चार ठिकाणी 'बरेचदा' किंवा 'नेहमी' आलं, की गडी कामाच्या आहारी गेला असण्याचा संभव. बडनेऱ्याला गाडीत बसलो तेव्हा वाटलं, अकोल्यापर्यंत सातही उरकतील. कुरूम गेलं, मूर्तिजापूर गेलं, बोरगाव आलं. मी शीर्षकातल्या एका शब्दालाच अडलेला. व्यसन.

वऱ्हाडात व्यसन म्हणजे खर्रा, दारू, पत्ते. "पोराले काही व्यसन नाही" हे सोयरीक जुळवतानाचं प्रमाणपत्र. तेच व्यसन विद्येला चिकटलं की माणूस विद्याव्यसनी होतो आणि त्याचा सत्कार होतो. कामाचं काय? कामसू, कामाचा वाघ, सगळं कौतुकाचं. शिव्या राखून ठेवल्यात त्या कामचुकारासाठी. फार शोधल्यावर 'कामाचं भूत' सापडलं, पण तेही आई पोराबद्दल सांगते तेव्हा तिच्या आवाजात तक्रार कमी, अभिमान जास्त. इंग्रजीत ही अडचण वेन ओट्स नावाच्या अमेरिकन धर्मोपदेशकानं सोडवली. दारुड्याच्या शब्दावरून त्यानं 'वर्कहोलिक' घडवला आणि 1971 मध्ये स्वतःचाच कबुलीजबाब पुस्तकरूपानं छापला. त्याच्या पाच वर्षांच्या मुलानं बापाला भेटायला वेळ मागून घेतली होती म्हणे.

पोर्तुगालच्या कामगारांसाठीही अशी प्रश्नावली त्यांच्या भाषेत बसवली गेली, असं मित्रानं सांगितलं. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांच्या भाषेत कामाला 'त्रबाल्यू' म्हणतात आणि तो शब्द तीन खुंटांच्या छळयंत्राच्या लॅटिन नावावरून आला असं भाषेचे जाणकार मानतात. मूळच असं असल्यावर व्यसनापर्यंत जायला कितीसा वेळ! आणि गंमत पाहा, आपला 'पगार' त्यांचाच. मिस्त्री त्यांचा, घमेलं त्यांचं, अकोल्याच्या बाजार समितीत तुरीच्या ढिगाभोवती चालतो तो लिलावही त्यांचाच. कारागीर, हत्यार, मोबदला, सौदा, सगळं त्यांच्याकडून आयतं मिळालं. हा एक शब्द तेवढा आपला आपल्याला शोधायचा आहे. पोर्तुगालात तर 2022 पासून, तातडीचं कारण नसेल तर कामाच्या वेळेबाहेर साहेबानं नोकराशी संपर्क करू नये, असा कायदाच आहे. आमच्या मास्तरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्री साडेदहाला 'माहिती तात्काळ सादर करावी' येतं, ते वाचून कोणी हसतही नाही.

प्रश्नावलीच्या भाषांतराची एक रीत आहे. एकानं भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते उलट इंग्रजीत न्यायचं, मग दोन्ही इंग्रज्या शेजारी ठेवायच्या. मी 'आतून सक्ती वाटते' असं एक वाक्य लिहिलं होतं. उलट फिरून आलं तेव्हा त्याचा अर्थ झाला होता, 'घरचे लोक जबरदस्ती करतात'. ते खोडून मी 'चैन पडत नाही' लिहिलं. ते मात्र धड गेलं आणि धड परत आलं.

हे काही नवं नाही. 1905 च्या बिनेच्या पॅरिसमधल्या बुद्धिचाचणीची पुढची सुधारलेली आवृत्ती व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडच्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. 1940 मध्ये त्यावर पुस्तक आलं आणि 'बिने-कामत' हे जोडनाव आजही चालतं. मुलानं कधी न पाहिलेली वस्तू विचारली तर बुद्धी मोजली जात नाही, ओळख मोजली जाते. कामतांना ते करताना काय काय बदलावं लागलं असेल, याचा अंदाज मला त्या गाडीत आला.

खरी फजिती पुढे झाली. कच्चा मसुदा मी अकोल्याजवळच्या एका गावी ओळखीच्या मावशींना वाचून दाखवला. मावशी कापूस वेचायला जातात, मजुरी किलोवर. काम करू दिलं नाही तर जीव कासावीस होतो का, हा प्रश्न. "मंग? मजुरी कोण देईन?" मी 'नेहमी'वर खूण केली. दिवाळीतही फायली उघडणारा माझ्या ओळखीचा एक अधिकारी आहे, त्याचीही खूण 'नेहमी'वरच. आकडेशास्त्र सात प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते चोख सांगतं. खुणेखाली भूक आहे की भूत, ते सांगत नाही. मित्र म्हणाला, "म्हणूनच ही नोकरदारांपुरती." मला ते पटलं, आणि मी मावशींना बाजूला काढणार तोच त्यांचा मुलगा बोलला. त्याला पक्की नोकरी आहे, घरात कशाची कमी नाही, आईला दोन वर्षांपासून तो जाऊ नको म्हणतोय. मी मावशींकडे पाहिलं.

"मंग बसून काय करू?"

आता ही खूण कुठे करायची?

शेंडगावचे गाडगे बाबा गावात शिरले की आधी झाडू घ्यायचे. काम केल्याशिवाय भाकर नाही. पोरगा गेल्याचा निरोप आला तरी कीर्तन थांबलं नाही, असं सांगतात. त्यांना हे सात प्रश्न विचारले असते तर ते बहुधा सातही ठिकाणी 'नेहमी'त गेले असते. ज्या शहरातून हा कागद मला आला, तिथलं विद्यापीठ त्यांच्याच नावाचं आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि त्याच्या कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. मावशी त्या दिवशी पहाटे चारला उठून पुरणाला लागतात.

मसुद्यावर 'व्यसन' हा शब्द मी अजून पेन्सिलीनंच लिहून ठेवला आहे. तुमच्या घरी, गावी याला दुसरा शब्द असेल तर कळवा.