हात पोचतो त्याच्या पलीकडे

उकड मळताना आत्याचे हात मनगटापर्यंत तेलपाण्याने माखलेले असतात. पिठी गरम आहे तोवरच मळावी लागते. मध्येच थांबलं की ती कोरडी पडते, पारीला चिरा जातात आणि वाफवताना मोदक फुटतो. म्हणून चतुर्थीच्या सकाळी आमच्या चिपळूणच्या घरात तिला कुणी हाक मारत नाही. फोन मात्र नेमका तेव्हाच वाजतो, कारण सणाच्या सकाळी लांब गेलेल्यांना घर आठवतं. ती करंगळीचं पेर लावून बघायची, कोपर टेकवायची, मनगटाची मागची बाजू काचेवरून फिरवायची. पलीकडे तिचा मुलगा असायचा, आणि फोन वाजून वाजून बंद व्हायचा.

फोनच्या काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युतवाहक रेषांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि त्यावरून फोनला बोटाची जागा कळते. म्हणजे आपण किती जोराने दाबतो याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. आपल्या देहात विद्युतभार सामावून घेण्याचा जो गुण आहे तो त्याला कळतो. पाणी सांडलं की जाळीला नको तिथे बोटं भासतात. पीठ वाळून बसलं की खरं बोटही तिच्यापासून दूर राहतं. कोरडा, स्वच्छ, मोकळा हात गृहीत धरून ही काच घडवलेली आहे, आणि तसा हात सगळ्यांना सगळा वेळ मिळत नाही. भातलावणीतला हात, भांडी घासणारा हात, गॅरेजमधला वंगणाने काळा झालेला हात, बाळाला तेल लावणारा हात. दिवसाचा केवढा मोठा भाग माणसांचे हात कशात ना कशात गुंतलेले असतात!

आता आत्याचा नवा फोन मसाल्याच्या डब्याला टेकून उभा असतो. ती त्याच्यासमोर पंजा उघडून धरते आणि क्षणभर थांबते. पडद्याच्या कडेला हाताची लहानशी खूण उमटली की ती पंजा एका बाजूला नेते, आणि फोन घेतला जातो. तिला हे पहिल्यांदा साधलं तेव्हाचा तिचा चेहरा माझ्या मनात कोरला गेला आहे. हात तसेच ओले, बोटांना उकड चिकटलेली, आणि स्वयंपाकघरात मुलाचा आवाज.

ही सोय अगदी आजची नाही. २०१३ साली आलेल्या सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस४ मध्ये काचेवरून हात फिरवून फोन घेता येत असे. तिथे इन्फ्रारेड प्रकाश हातावर आदळून परत येई आणि तो मोजला जाई. २०२४ साली भारतात आलेल्या रियलमीच्या नार्झो ७० प्रोने हीच कल्पना मध्यम किमतीच्या फोनमध्ये आणली. आता पुष्कळ ठिकाणी हात ओळखायचं काम साधा कॅमेराच करू शकतो, आणि तो ते कसं करतो हे वाचताना मी रमून गेले. गूगलने २०१९ साली मीडियापाइपमधून हात ओळखण्याची एक पद्धत सर्वांना खुली करून दिली. तिच्यात यंत्र आधी बोटं शोधतच नाही, तळवा शोधतं. बोटं वळतात, दुमडतात, एकमेकांआड लपतात; तळवा त्या मानाने ठाम असतो. तो सापडला की हातावर बिंदू मांडायचे: मनगटाचा एक, आणि पाच बोटांचे प्रत्येकी चार. बेरीज २१.

ज्या घरात २१ मोदक आणि २१ दूर्वा मोजल्या जातात तिथल्या मुलीला हा आकडा सहज ओलांडून पुढे जाता येत नाही. योगायोग आहे, त्यातून मला काही सिद्ध करायचं नाही. पण तेव्हापासून मी आत्याच्या हाताकडे वेगळ्या नजरेने पाहते. यंत्र जिथे बिंदू ठेवतं त्याच सांध्यांनी ती पारीला कळ्या पाडते. त्यांच्यामधल्या पेरांवरून तिचा अंगठा संध्याकाळी जप मोजत फिरतो. साठ वर्षांचं शहाणपण त्या बिंदूंमधल्या रेषांत आहे, आणि यंत्राला त्यातली फक्त जागा दिसते: डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. तेवढ्यावरही ते तिच्या उपयोगी पडतं, याचं मला मनापासून कौतुक आहे.

हात न लावता वस्तूला बोलतं करण्याची ओढ फोनहून कितीतरी जुनी. लेव तेरमेन या रशियन शास्त्रज्ञाने १९२०च्या सुमारास एक वाद्य घडवलं. जग त्याला थेरेमिन म्हणून ओळखतं. एका पेटीतून दोन अँटेना निघतात, एक उभी दांडी आणि एक आडवी कडी. एक हात दांडीजवळ जाईल तसा स्वर चढतो, दुसरा कडीजवळ जाईल तसा आवाज मंदावतो. स्पर्श कुठेच नाही. आणि मुळाशी असलेलं तत्त्व आपल्या फोनच्या काचेचंच आहे: विद्युतभार सामावणारं माणसाचं शरीर. शंभर वर्षांपूर्वी ज्याची चाहूल वीतभर लांबून लागत होती, त्याला पुढे आपण काचेला टेकायला लावलं. क्लारा रॉकमोर ही या वाद्याची थोर वादक. ती मुळात व्हायोलिन वाजवायची. हाडांच्या दुखण्यापायी ते सोडावं लागलं आणि ती या हवेतल्या स्वरांकडे वळली. तिच्या वादनाची चित्रफीत पाहताना बोटांच्याही आधी जाणवतो तो तिचा निश्चलपणा. वाजवणाऱ्याचं सगळं शरीरच वाद्याच्या क्षेत्रात उभं असतं, मान कलली तरी सूर ढळू शकतो. पडदे नाहीत, तारा नाहीत, बोट टेकायला जागा नाही. लांबून केलेल्या स्पर्शाला केवढी शिस्त लागते हे तिच्याकडे पाहून कळतं.

टेकायला जागा नसणं ही हवेतल्या हाताची खरी अडचण. तिच्यावर मला माहीत असलेला सर्वात देखणा तोडगा इव्हान पुपिरेव्ह आणि त्यांच्या गूगलमधल्या सहकाऱ्यांनी काढला. २०१५ साली त्यांनी सोली नावाचं चिमुकलं रडार दाखवलं. अंगठा तर्जनीच्या कडेवरून घासला की आवाज वाढवायची चकती फिरते, दोन्ही टेकले की बटण दाबलं जातं. हाताला टेकायला हातच दिला! ६० गिगाहर्ट्झच्या लहरी बोटांवरून परत येतात आणि त्यांच्यातल्या सूक्ष्म फरकावरून हालचाल वाचली जाते. हे रडार ऑक्टोबर २०१९ मध्ये पिक्सेल ४ या फोनमधून बाजारात आलं. भारतात तो फोन विकलाच गेला नाही, कारण ही लहर इथे विनापरवाना वापरायला मोकळी नव्हती. आणि पुढच्याच वर्षीच्या पिक्सेल ५ मधून रडार काढून टाकलं गेलं. पिक्सेल ४ निघाला तेव्हा त्यातल्या बोटांच्या त्या नाजूक भाषेपैकी फारसं काही उरलंही नव्हतं, गाणं पुढे सरकवणं, गजर थांबवणं अशा मोजक्याच खुणा.

पण त्याची एक लकब मला अजून भुरळ घालते. गजर वाजत असताना हात नुसता त्याच्या दिशेने निघाला की फोन आपला आवाज उतरवायचा. हात पोचण्याआधीच. रडणाऱ्या बाळाकडे आई वळली की उचलून घेण्याआधीच रडणं निम्म्यावर येतं, तसं. हुकूम सुटायच्या आत घेतलेली ही दखल माणसामाणसांतल्या खुणांच्या फार जवळची आहे. आपण एकमेकांचा हात पूर्ण व्हायची वाट कुठे पाहतो? पंगतीत ताटावर तळवा आडवा येऊ लागला की वाढणारा थांबतो.

याच वळणावर एक मुंबईकर वाटही येऊन मिळते. पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक संकल्पन केंद्रात शिकलेल्या प्रणव मिस्त्री यांनी २००९ साली ‘सिक्स्थसेन्स’ दाखवलं: गळ्यात कॅमेरा आणि छोटा प्रोजेक्टर, बोटांना रंगीत टोप्या, तळहातावर उमटणारे फोनचे आकडे, मनगटावर बोटाने गोल काढला की तिथे घड्याळ. दोन हातांच्या बोटांची चौकट केली की फोटो निघे. त्यांची टोपणं कुणाच्या बोटांवर राहिली नाहीत, पण आज सहलीला गेलेली पोरं फोन दगडाला टेकवून लांब जातात, पंजा दाखवतात आणि फोन फोटो काढतो, तेव्हा मला ती चौकट आठवते. फोटो काढणाराही आता फोटोत असतो. पूर्वीच्या अल्बममधून घरातला एक माणूस कायम गायब असायचा.

मात्र हात नेहमी हुकूमच देत नसतो, आणि खरा पेच तिथे आहे. आपण बोलताना हात हलतात, माशी हाकलताना हलतात, दुःख सांगताना तर आपोआप उघडतात. यातला फोनसाठी कोणता? म्हणून आत्याला आधी पंजा धरून थांबावं लागतं. ते थांबणं म्हणजे यंत्राला ‘आता तुझ्याशी बोलते आहे’ असं सांगणं आहे. २०२३ साली अ‍ॅपलने व्हिडिओ कॉलमध्ये खुणांवरून चित्रं उडवायची सोय केली: दोन बोटं वर केली की फुगे, दोन्ही अंगठे वर केले की आतषबाजी. आपण होऊन बंद करेपर्यंत ती चालूच असे. ज्यांचं बोलणंच हातांनी होतं त्यांना हे कसं झालं असेल? ‘दोन’ म्हणायला बोटं वर करावीत आणि गंभीर बोलण्यावर फुगे तरंगावेत.

या सगळ्या विषयात माझं मन त्या माणसांपाशी सर्वाधिक रेंगाळतं. मुंबईच्या स्थानकांवर दोन फलाटांच्या मधून गाडीचे रूळ जातात. ऐकणाऱ्यांना पलीकडच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागतं, तेही भोंग्यात विरून जातं. कर्णबधिर मुलं-मुली तिथे निवांत गप्पा मारतात, रूळ ओलांडून, गर्दीच्या डोक्यावरून. व्हिडिओ कॉल आला तेव्हा या माणसांनी फोन कानापासून आणि हातापासून दूर ठेवला, बाटलीला, पुस्तकाला, खिडकीच्या गजाला टेकवून, कारण दोन्ही हात बोलायला हवे होते. फोनला अंतरावरून हात दाखवण्याचं खरं काम तिथे सुरू झालं. ऐकणाऱ्यांसाठी जी गंमतीची सोय आहे ती त्यांच्यासाठी वाणी आहे.

भारतीय सांकेतिक भाषेतली बरीचशी अक्षरं दोन हातांनी होतात. अर्थ भुवयांत असतो, ओठांत असतो, खांद्याच्या कलात असतो. हाताचे २१ बिंदू त्याला पुरणार नाहीत. २०१५ साली दिल्लीत या भाषेच्या संशोधन आणि प्रशिक्षणाचं केंद्र उभं राहिलं. त्यांच्या शब्दकोशात २०१८ साली ३,००० शब्द होते, २०२१ पर्यंत ते १०,००० झाले. दहा हजार खुणा लिहून, चित्रित करून हाताशी आहेत, आणि आपण फोनला अजून ‘पुढचं गाणं’ शिकवत बसलो आहोत, याची मला खंत वाटते. अ‍ॅपलनेच २०२० साली सामूहिक व्हिडिओ कॉलमध्ये कोण खुणांनी बोलतंय ते ओळखून त्याची चौकट मोठी करायची सोय केली होती. म्हणजे यंत्राला ते दिसू शकतं. अ‍ॅपलच्याच घड्याळात मूठ आवळून, चिमूट मिटून काम करायची सोय २०२१ साली मुळात हाताने अधू असलेल्यांसाठी आली. २०२३ साली तिचंच भावंड, अंगठा-तर्जनी दोनदा टेकवण्याची खूण, सगळ्यांसाठी आलं. अधू हातासाठी शोधलेलं सगळ्या हातांना पुरलं. हीच दिशा मला हवी आहे.

एखाद्या कर्णबधिर मुलीने टेबलावरच्या फोनला तिच्या भाषेत ‘आईला फोन लाव’ म्हणावं आणि त्याने तो लावावा. ‘नको, थांब’ म्हणावं आणि त्याने थांबावं. हे शिकवायला कर्णबधिर शिक्षक बसावेत, आणि त्यांना त्याचा मोबदला मिळावा. एकाच वस्तूची खूण या शहरात एक आणि त्या शहरात दुसरी असते, तीही यंत्राला शिकवावी. पुसून टाकू नये. आणि ज्याचा हात कंपवाताने थरथरतो, ज्याचं एकच बोट उरलं आहे, त्याला आपली खूण आपण ठरवता यावी, फोनने ती त्याच्याकडून शिकावी.