मिठाची सक्ती मला का पटली

आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला केंद्र सरकारने 1998 मध्ये देशभर बंदी घातली, तेव्हा मी बंदीच्या विरोधात होतो. मिठाच्या कायद्याविरुद्ध 1930 साली दांडीपर्यंत चालत गेलेल्या देशात लोकांनी कोणतं मीठ खावं हे पुन्हा सरकार ठरवणार, ही गोष्टच मला खुपत होती. उरण-पेणच्या मिठागरांतलं जाडं मीठ मागे पडेल आणि पाकीटबंद मीठ विकणाऱ्या कंपन्यांचं फावेल, अशी धास्तीही होती. 2000 मध्ये केंद्राने बंदी उठवली. आरोग्याच्या गोष्टी सक्तीने लादू नयेत, माणसाने समजून-उमजून निवड करावी, असं त्या वेळी सांगितलं गेलं. मला ते पूर्णपणे पटलं होतं.

आज पटत नाही. 2006 मध्ये बंदी परत आली हे योग्यच झालं, असं माझं आताचं मत आहे.

हे मत पहिल्यांदा हललं ते कांगडा खोऱ्यातल्या अभ्यासाबद्दल वाचताना. हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या त्या खोऱ्यात गलगंड घरोघरी होता. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून तिथे खोऱ्याचे तीन भाग पाडून दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ पुरवलं, तिसऱ्याला साधं. काही वर्षांतच पहिल्या दोन भागांत गलगंडाचं प्रमाण स्पष्टपणे उतरलं. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला, तो याच कामाच्या बळावर. त्या लोकांच्या सवयींत काही खोट नव्हती. पाऊस, पूर आणि हिमनद्यांनी जमिनीतलं आयोडीन धुऊन नेलं होतं. मग ते धान्यात आणि भाजीत येणार कुठून? पुढे अशी कमतरता हिमालयापासून दूरच्या अनेक जिल्ह्यांतही आढळली.

समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात खाऱ्या पाण्याचं मीठ होताना त्यात आयोडीन जवळपास उरतच नाही. ज्या जाड्या मिठाची बाजू मी घेत होतो, त्याने ही उणीव भरून निघणार नव्हती.

तरीही निवडीच्या स्वातंत्र्याचा मुद्दा उरतोच. तो सुटला गर्भातल्या बाळाचा विचार केल्यावर. गलगंड डोळ्यांना दिसतो, पण आयोडीनच्या अभावाचा सर्वांत मोठा घाव दिसत नाही. गरोदरपणात आईला आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ते नुकसान पुढे भरून येत नाही. दुकानात मीठ निवडतो एक, किंमत मोजतो दुसराच. शिवाय मिठातल्या आयोडीनला ना रंग, ना चव. स्वस्त मीठ घेणाऱ्या बाईला आपण काय गमावतोय हे कळणार कसं? जिथे माहितीच पोहोचत नाही, तिथे निवडीचा हक्क कागदावरच राहतो.

आणि उपाय किती छोटा! प्रौढ माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. सत्तर वर्षांचं मिळून चमचाभरही होत नाही. मीठ गरीब-श्रीमंत सगळेच रोज खातात, आणि जवळपास सारखंच खातात. म्हणून औषध त्यातून द्यायचं. उष्ण, दमट हवेत टिकणारं पोटॅशियम आयोडेट मिठावर फवारायचं, की झालं. यात कोणाला दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही.

2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखालची ही बंदी त्या कायद्याच्या कक्षेत बसत नाही असं ठरवलं. आज ती अन्न सुरक्षा नियमांखाली टिकून आहे. न्यायालयाने तिला असं तपासणं मला आवश्यक वाटतं. सक्ती करणाऱ्या सरकारने कायद्याचा पाया भक्कम ठेवायलाच हवा.

मिठागरांची काळजी मी सोडलेली नाही. फवारणीची यंत्रं, आयोडेट आणि तपासणीची सोय लहान उत्पादकांना सरकारने परवडेल अशा दरात द्यायला हवी. कायदा आला आणि मदत मागे राहिली, तर आरोग्याचा खर्च मिठागरात राबणाऱ्यांच्या माथी बसतो. पण त्यावरचा इलाज त्यांना मदत करणं हा आहे, बंदी उठवणं नव्हे. म्हणून एके काळी बंदी उठवा म्हणणारा मी आता ही मदत मागतो आहे.