बाळ नक्की काय करतो?

आमच्या सासूबाईंना जगात दोनच कोडी पडलेली आहेत. एक, जावई बँकेत दिवसभर बसून काय करतो; आणि दुसरं, त्यांचा बाळ सिंगापुरात दिवसभर बसून काय करतो. पहिलं कोडं आमच्या मॅनेजरांनाही अजून सुटलेलं नाही, त्यामुळे त्याचा नाद त्यांनी सोडला. दुसऱ्यासाठी मात्र गेल्या वर्षी त्यांनी आठ दिवस मलाच तिकडे धाडलं. तिकीट बाळनं काढलं, मेतकूट आणि भाजणीचं ओझं सासूबाईंनी दिलं आणि गुप्तहेराचं काम माझ्या गळ्यात आलं. "आणि कायमचा परत कधी येणार तेही विचारा," हे सांगलीच्या एस.टी. स्टँडवर त्यांनी दोनदा बजावलं.

बाळ म्हणजे आमचे एकुलते एक मेव्हणे. वय ४१, हुद्दा रीजनल मॅनेजर, धंदा हेवी-लिफ्ट शिपिंग. जी वस्तू कंटेनरात मावत नाही आणि साध्या क्रेनला पेलत नाही, ती एका देशात उचलायची आणि दुसऱ्या देशात ठेवायची. वीजकेंद्राचे ट्रान्सफॉर्मर, रिफायनरीच्या अजस्र टाक्या, बंदरावरच्या उभ्याच्या उभ्या क्रेन! लहानपणी पाटा-वरवंटा हलवायला सांगितला की ज्याच्या पोटात दुखायचं, तो हा मुलगा.

आमच्या बँकेचा रीजनल मॅनेजर म्हणजे अडीच जिल्ह्यांचा राजा. तो येणार म्हटलं की शाखेतल्या कुंड्यांना गेरू लागतो. बाळचा रीजन व्हिएतनामपासून ऑस्ट्रेलियापर्यंत. त्या हिशेबानं ऑफिसच्या दाराशी निदान दोन हत्ती झुलत असतील अशी माझी समजूत. पाहतो तो चार टेबलं, तीन माणसं आणि सतत वाजणारे फोन. खिडकीतून जहाज तर राहोच, साधी होडीही दिसेना. हेड ऑफिस युरोपात. सिंगापुरात दुपारचे तीन वाजले की तिकडचे साहेब चहा घेऊन कामाला बसतात, आणि ते घरी जाताहेत तोवर अमेरिकेतलं गिऱ्हाईक जागं होतं. बाळच्या घरी जेवणाच्या टेबलावर मिठाच्या शेजारी फोन असतो.

रात्री मात्र तो खुलायचा. काही जहाजं मुद्दाम पोटात पाणी घेऊन स्वतःच कमरेपर्यंत बुडतात, माल तरंगत त्यांच्या पाठीवर आणतात, मग पाणी उपसून वर येतात. २००० साली एडनला स्फोटात फुटलेली 'कोल' ही अमेरिकन युद्धनौका 'ब्लू मार्लिन' नावाच्या अशाच जहाजानं पाठीवर घालून अमेरिकेला नेली. मी म्हटलं, बुडायची कला आमच्या धंद्यातही काहींना साधलेली आहे, वर यायची तेवढी शिकायला हवी.

भाड्याचा हिशेब मला एकदम पटला. वजनाचे टन आणि आकाराचे घनमीटर, यातला जो आकडा मोठा त्यावर भाडं. पोकळ टाकी हलकी म्हणून सुटत नाही. आमच्या एक-दोन साहेबांचं भाडं घनमीटरवरच लागलं असतं.

पण मी अगदीच अडाणी नव्हे. परदेशी व्यवहारांच्या टेबलावर सहा वर्षं काढली आहेत. बिल ऑफ लेडिंगवर 'माल डेकवर चढवला आहे' असं असेल आणि लेटर ऑफ क्रेडिटमध्ये तशी मुभा नसेल, तर बँकेनं कागद नाकारायचे. 'चढवला जाऊ शकतो' असेल तर चालतं. 'चढवला आहे' म्हटलं की खेळ खलास. २०११ साली एका बॉयलरचे कागद मी असेच नाकारले होते, आणि त्या समाधानात कँटीनमध्ये एक वडा जास्त खाल्ला होता. बाळला हे अभिमानानं सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "भाऊजी, ते तुम्ही होय? अहो, बॉयलर डेकवर नाही तर काय कॅप्टनच्या कॉटखाली ठेवायचा?"

सहाव्या दिवशी पास काढून त्यानं मला जुराँगच्या धक्क्यावर नेलं. डोक्यावर हेल्मेट, पायात दोन नंबर मोठे बूट. समोर अडीचशे टनांचा ट्रान्सफॉर्मर. म्हणजे चांगले पोसलेले पन्नास हत्ती. जहाजाच्या स्वतःच्याच दोन क्रेन त्याला मिळून उचलणार. ट्रान्सफॉर्मर जमिनीपासून चार बोटं वर आला आणि थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

"बंद पडलं का रे?"

"नाही. बघताहेत."

पोलादी दोर बघितले, कललेलं जहाज टाक्यांतलं पाणी इकडचं तिकडे करून सरळ केलं, आणि मग पालखी बोळात वळावी तसं ते धूड सावकाश जहाजाकडे सरकू लागलं. कुणी बोलेना. बाळ नुसता उभा होता. दोर ओढणारे वेगळे, क्रेनवाले वेगळे, हुकूम देणारा वेगळा. हा आपला हाताची घडी घालून.

"एकदा उचललं की मध्ये कुठे ठेवायला जागा नसते, भाऊजी," तो वर बघतच म्हणाला. "बाबा गेल्याचा तुमचा फोन आला तेव्हा असंच वर होतं."

२०१८ सालची गोष्ट. अग्नी मला द्यावा लागला होता. बाळ तिसऱ्या दिवशी पोचला. सासूबाई त्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणं अजून संपलेलं नाही.

"मी निघालो तर काहीतरी होईल असं वाटलं," तो म्हणाला. "खरं म्हणजे मी नसतो तरी उतरलं असतं."

अशा वेळी मला नेहमी काहीतरी विनोदी सुचतं. त्या दिवशी सुचलं नाही.

ट्रान्सफॉर्मर डेकवर टेकला. कसलाही आवाज झाला नाही. लगेच वेल्डिंगवाले धावले आणि त्याला जागच्या जागी जखडू लागले. बाळनं हेल्मेट काढून घाम पुसला. "हे आईला नका सांगू." मी म्हटलं, बँकेत वीस वर्षं काढली आहेत, खातेदाराची माहिती बाहेर जात नाही.

सांगलीला परत आलो तो सासूबाई दारातच.

"काय करतो बाळ?"

"जड सामान उचलतो."

"स्वतः?"

"छे हो, उचलणारे दुसरे. तो उभा असतो."

"उन्हात?"

"हो."

परत कधी येणार ते त्यांनी विचारलं नाही. आत गेल्या आणि नारायण तेलाची बाटली घेऊन आल्या. "उभं राहून पाठ भरून येत असेल. त्याच्या बाबांचीही यायची. कुणी जाणारं असलं तर धाडा."

ती बाटली सध्या माझ्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आहे. परदेशी चलनासाठी कुणी आलं की मी आधी सिंगापूरला जाताय का विचारतो. वजन पाव किलो. डेकवर ठेवली तरी माझी हरकत नाही.