पंप मारला की होतं!

माझं शिक्षण ज्युनियर केजीपासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे "मराठी विभागासाठी काहीतरी लिही" असं मॅगझिनवाल्या ताईने सांगितलं, तेव्हा पोटात गोळाच आला. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घ येतात, आणि ते आले की मी गेले! तरीही लिहितेय, कारण ही गोष्ट एकदा सांगून टाकायची आहे. शुद्धलेखनाच्या चुका गोड मानून घ्या. ब्रेकच्या मात्र घेऊ नका.

तर, फ्लुइड मेकॅनिक्सच्या ओरलला सरांनी मला पास्कलचा नियम विचारला होता. मी एका दमात, पुस्तकातल्या इंग्रजीत, स्वल्पविरामासकट सांगितला. "बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो." उदाहरण? "हायड्रॉलिक ब्रेक, सर!" सर खूश, मी खूश. ओरलला उत्तम मार्क. आणि त्याच वेळी हॉस्टेलच्या जिन्याखाली माझी स्वतःची सायकल उभी होती, जिच्या पुढच्या हायड्रॉलिक ब्रेकने पास्कलचं ऐकणं केव्हाच सोडलं होतं.

ही सायकल मामाची. डिस्क ब्रेकवाली माउंटन बाईक. त्याची बदली झाली आणि ती माझ्याकडे आली. दिवाळीच्या सुट्टीनंतर गादी, बादली, ड्रॉइंग बोर्ड आणि सायकल असा सगळा संसार एका टेम्पोतून हॉस्टेलवर आला. सायकल टेम्पोत उलटी घातली होती, चाकं आभाळाकडे. तेव्हापासून पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला की स्पंज दाबल्यासारखा वाटायचा. पार हँडलच्या मुठीला टेकायचा. पण दोन-तीनदा पटपट दाबला की परत कडक! मला वाटलं, सुटला प्रॉब्लेम. विंगमधल्या ज्या कोणी सायकल मागायला यायच्या, त्यांना मी चावीबरोबर मंत्रही द्यायचे... "पंप मारला की होतं."

मेकॅनिकलची मुलगी सांगतेय म्हटल्यावर कोण शंका घेणार?

जानेवारीत एका रविवारी पहाटे आम्ही चौघीजणी सिंहगडावर गेलो. चढताना ब्रेकची गरजच काय? जीव वर येतो तो वेगळ्या कारणाने. वर मडक्यातलं दही खाल्लं, पिठलं-भाकरी खाल्ली, फोटो काढले. उतरताना माझी रूमी म्हणाली, "तुझी सायकल दे ना, एकदा ऐटीत उतरते." तिने लिव्हर दाबून बघितला. "मऊ लागतोय गं हा."

मी काय म्हणाले असेन ते तुम्ही ओळखलंच असेल.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर ती माझ्यापुढे होती. तिने ब्रेक दाबला, लिव्हर मुठीला टेकला. तिने मी शिकवल्याप्रमाणे पंप मारला. पण घाटात उतारावर सायकल काही तुमचे तीन पंप पुरे होईपर्यंत थांबत नाही! दरीकडे जायला नको म्हणून तिने प्रसंगावधान राखून सायकल डोंगराच्या बाजूला, गटारात घातली. उजवं मनगट फ्रॅक्चर. पायथ्याशी ताक विकणाऱ्या एका मावशींनी ओढणीची झोळी करून तिचा हात गळ्यात अडकवून दिला. मी नुसती बघत उभी होते.

दोन दिवसांनी तिची आई आली. येताना डबाभर बेसनाचे लाडू. रूमीने घरी एवढंच सांगितलं होतं, "सायकलवरून पडले." काकू माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "तू होतीस म्हणून बरं झालं गं बाई. परक्या गावात तूच तिची बहीण." तो लाडू माझ्या घशाखाली उतरला नाही. रूमीने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता मान फिरवली.

त्याच संध्याकाळी सायकल ढकलत हायवेजवळच्या मोटारसायकल गॅरेजमध्ये नेली. तिथले काका साठीचे असतील. त्यांनी पुढचा लिव्हर एकदा दाबला, दोनदा, तिनदा.

"दाबल्यावर दाबल्यावर कडक होतोय. एअर धरलीय ताई ह्याने."

मग लिव्हर घट्ट दाबून धरला आणि मला म्हणाले, "मिनिटभर बघत राहा." तो जिथल्या तिथे राहिला. हळूहळू खाली सरकला असता तर सील गेलं किंवा कुठेतरी गळती आहे असं समजायचं. पाइपच्या जोडांवर कोरडं फडकं फिरवलं, तेल नव्हतं. मग पॅड काढून दाखवले. पुढचे पॅड झिजून पत्र्याला टेकायला आले होते. "पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात. त्यांच्यामागे तेल जातं. म्हणजे वरच्या टाकीत कमी झालं ना? मग त्यात हवा शिरली की सायकल उलटी केल्यावर ती जाणार कुठे? पाइपात!"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे पुस्तकातलं पान आणि जिन्याखालची सायकल एकत्र आली. तेल दाबलं जात नाही म्हणून ते बोटांचा जोर पिस्टनपर्यंत नेतं. हवा मात्र तेलापेक्षा हजारो पट सहज दाबली जाते. पाइपात वाटाण्याएवढा बुडबुडा असला तरी लिव्हरचा सगळा प्रवास त्याला चेपण्यातच संपतो. पास्कल काही चुकला नव्हता. त्याचा नियम द्रवाबद्दल होता, मी त्यात हवा भरली होती.

मी विचारलं, "पण काका, मागचा ब्रेक तर कडक आहे. मग त्यानेही का नाही थांबली?"

त्यांनी मागचा लिव्हर दाबून धरला आणि मला चाक फिरवायला सांगितलं. चाक हाताने फिरलं! "ह्याचं दुखणं निराळं आहे. चेनला काय मारलंस?" चेन कुरकुरत होती म्हणून मी महिन्यापूर्वी सढळ हाताने स्प्रे मारला होता. तो उडून डिस्कवर बसला होता. पॅड तेल पितात. वरून पॉलिश पेपर मारला तरी आतलं तेल जात नाही, त्यामुळे पॅड बदलायचे आणि डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. म्हणजे लिव्हर मऊ असेल तर दोष तेलाच्या रस्त्यात शोधायचा. लिव्हर कडक असून गाडी थांबत नसेल तर तो पॅड आणि डिस्कमध्ये शोधायचा. दोन्ही रोगांना आपण "ब्रेक लागत नाही" असं एकच नाव देतो, तिथेच घोळ होतो.

काकांनी फळीवरचा ब्रेक ऑइलचा डबा उचलला, मोटारसायकलचं डॉट 4. आणि थांबले. "सायकलला हे चालतं का नाही मला माहीत नाही. लिव्हरवर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय. तू इंग्लिश शाळेतली ना? वाच."

मी वाचलं. "मिनरल ऑइल ओन्ली."

मित्रांनो, त्या क्षणी इतकी लाज वाटली! ती तीन शब्दांची सूचना रोज माझ्या बोटाखाली होती. माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीने ती दोन महिन्यांत एकदाही वाचली नव्हती. ज्यांना ती वाचता येत नव्हती, त्यांनी मात्र तेल ओतायच्या आधी विचारलं.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की शिमानो, टेक्ट्रो, मागुरा यांच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट लागतं, पण त्यांचीही काही नवीन मॉडेल मिनरल ऑइलची आहेत. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली रबरी सील फुगतात किंवा खराब होतात आणि ब्रेकच वाया जातो. शिवाय डॉट 4 हवेतली ओल शोषतं. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस, ओल धरल्यावर किमान 155. म्हणजे उघडा पडलेला डबा कुठल्याच गाडीला वापरू नये. आणि तेल कंपनीने सांगितलंय तेच घालायचं, अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही.

सिटीतून सायकलचं मिनरल ऑइल आणि नवीन पॅड आणले, एका सिनियरकडून ब्लीडिंगचं किट मागितलं. काकांच्या देखरेखीखाली एअर काढली. चाक आणि पॅड बाहेर काढून पिस्टनच्या मध्ये ठोकळा बसवला. लिव्हरच्या टाकीवर फनेल, खाली कॅलिपरला सिरिंज. खालून हळूहळू तेल ढकलायचं, कारण बुडबुडा वरच जाणार. मध्येमध्ये पाइपवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करायचं, लिव्हर हलवायचा. फनेलमध्ये एकेक बुडबुडा वर येऊन फुटायचा आणि प्रत्येकाला काका म्हणायचे, "गेला एक!" मग नवे पॅड बसवून मैदानावर वेग घेऊन, पूर्ण न थांबता, वीसेक वेळा वेग कमी केला. नवे पॅड असे डिस्कवर बसवावे लागतात, त्याआधी ते नीट पकडत नाहीत.

लिव्हर पहिल्याच दाबाला दगडासारखा झाला. मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात आलं, सगळं मिळून एका संध्याकाळचं काम होतं हे.

पुढच्या शनिवारी काकूंना फोन केला आणि सांगितलं की ब्रेक खराब आहे हे मला माहीत होतं, मीच "चालेल" म्हटलं होतं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस." बस्स, एवढंच. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रूमीची सबमिशनं आली तेव्हा ती सांगायची आणि मी लिहायचे. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. त्या दिवशी ती जिन्याखाली गेली, सायकलचा लिव्हर उजव्या हाताने हळूच दाबला आणि म्हणाली, "घट्ट आहे आता." बसली मात्र नाही. अजून बसलेली नाही. मीही आग्रह केलेला नाही.

तेव्हा हॉस्टेलकरांनो, सायकल असो की बाईक, चावी घेताना लिव्हर एकदा दाबून बघा. एकदाच! दुसऱ्यांदा दाबल्यावर कडक होत असेल तर ती चावी परत द्या. आणि कोणी "पंप मारला की होतं" असं सांगितलं, तर सांगणारी मेकॅनिकलची टॉपर असली तरी ऐकू नका.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी